गोलातून सुटलेल्या कणांची व्यवस्था

मी, उत्तमराव किसनराव वानखडे, वय ६३, निवृत्त गणित शिक्षक, राहणार नांदुरा, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. मोतीबिंदूमुळे लेखणी दस्तलेखक तुळशीराम यांच्या हाती आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला तितकी खात्री नाही.

कलम १. राहते घर व भांडीकुंडी पत्नी कोकिळा हिला. अपत्य हयात नाही. भाऊबंदांनी उगीच चकरा मारू नयेत.

कलम २. लॉगची कोष्टके व गणिताची पुस्तके स्नेही रहेमतुल्ला यांची मुलगी सायरा हिला. तिला आकड्यांची भीती वाटत नाही.

कलम ३. खरा घोळ इथे आहे. अणुबॉम्बची बातमी वाचल्यापासून साडेतीन वर्षे मी एकच गणित करतो आहे. एखाद्या भरीव गोलाच्या मध्यातून निघालेला न्यूट्रॉन अणूंच्या धडका खात बाहेर पडतो, की आतच गिळला जातो? प्रकाशकणाचेही तेच. गोल चहूकडून सारखा, म्हणून मध्यापासूनचे अंतर आणि चालीची दिशा कळली की पुरे. समीकरण सांगते, शंभरात साठ बाहेर.

पडताळा म्हणून एकेक कण कवड्यांवर चालवला. कोकिळा पाच कवड्या टाकी, पडलेले दान सांगे, मी मोठ्या अक्षरांत वहीत मांडी. धडकेनंतर पाचही पालथ्या पडल्या, की कण गेला, म्हणजे आतच गिळला. चार हजार कण झाले. उत्तर आले शंभरात एक्क्याऐंशी!

नागपूरच्या एका प्राध्यापकांनी कळवले, "समीकरण बरोबर आहे. कवड्या तपासा." मी त्यांना नाही नाही ते लिहिले. कवड्या धुतल्या, तोलल्या, बदलल्या. चूक कुठे, ते अजून उमगत नाही. तेव्हा सात वह्या सायराला द्याव्या, की बंबात घालाव्या

येथे पत्नी मध्येच बोलली. तुळशीराम विचारतात, लिहू का? लिहा.

"पालथ्या पडल्या का तुम्ही 'गेला' लिहून टाकत होते. माह्याच्यानं पाह्यवत नव्हतं. मी आणखीन एक डाव टाको."

"पुन्हा पालथ्या पडल्या तर?"

"पुन्हा टाको. हात भरून आला का मंग पालथ्या सांगून देओ."

"कोणकोणते कण वाचवलेस?"

"ते काय मी लिहून ठेवलं? लिहनारे तुम्ही. आपल्या निवृत्तीले कोनं देला दुसरा डाव?"

निवृत्ती आमचा मुलगा. नवव्या वर्षी तापाने गेला. बावीस वर्षांत तिने त्याचे नाव माझ्यासमोर घेतले नव्हते. मला राग यायला हवा होता. काय आले ते मला कळत नाही, रडू मात्र आले.

कलम ४. कलम ३ मधील विचार रद्द. प्राध्यापकांची माफी मागणारे पत्र सायराने लिहावे. वह्या चूक आहेत, दुरुस्त होणार नाहीत, तरी जाळू नयेत. त्या कोकिळेच्या. पहिल्या पानावर लिहावे: यातले कण आपसूक सुटलेले नाहीत. त्यांना सोडवले आहे.

सही: उत्तमराव किसनराव वानखडे
साक्षीदार: रहेमतुल्ला शेख करीम, पुंजाजी सखाराम
नांदुरा, ता. ९ मार्च १९४९