दोन डाव्या बाजूंचा खण

हेदरशॉ, यॉर्कशायर
मे १९७४, मंगळवार

प्रिय अमोस दाजी यांस,

टोपी काढून नमस्कार. (लगेच परत घातली. मे उजाडला तरी आपल्या खोऱ्यातला वारा कॅलेंडर बघत नाही.) तुमची छाती, तुमचे गुडघे आणि तुमच्या सूनबाईंचा स्वयंपाक यांपैकी काय काय सुधारलं ते कळवावं. समुद्राच्या हवेनं भूक वाढते म्हणतात. पण स्कारबरोला तुम्हाला रोज उकडलेला कोबी मिळतो हे ख्रिसमसच्या कार्डावरून कळलं, तेव्हापासून तुमची भूक वाढू नये म्हणून मी दर रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना करतो. इकडे मी ठणठणीत आहे. डॉक्टरचं मत वेगळं आहे, पण तो अजून पोरगा आहे.

पत्रास कारण की आपल्या सुतारकीतला शब्द चोरीला गेला आहे. माझी नात लिनेट महिनाअखेरीच्या व्हिटसनच्या सुट्टीत लग्न करते आहे, हे तुमच्या कानावर आलंच असेल. नवरदेव नायजेल लीड्सला कुठल्याशा विमा कचेरीत असतो. पोरगा गुणी आहे, पण हात इतके मऊ की हातात हात घेतल्यावर मी नकळत माझा पँटला पुसला. तर हा मागच्या आठवड्यात चहाला आला आणि बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "आजोबा, तुमचं कपाट आमच्या घर लावण्याशी डव्हटेल झालं म्हणजे बरं." मला ठसकाच लागला. म्हटलं, "बाळा, डव्हटेल म्हणजे काय ठाऊक आहे का तुला?" तर म्हणतो, "जुळून येणं हो! सोयीचं होणं!" सोयीचं, दाजी! एका फळीला कबुतराच्या शेपटीसारख्या, टोकाला रुंद आणि बुडाशी अरुंद शेपट्या कापायच्या, दुसरीला त्यांच्या मध्ये बरोबर बसतील अशा खुंट्या कापायच्या, वरून ठोकून एकीत एक बसवायच्या, आणि मग समोरून ओढलं तर ओढणाऱ्याचा खांदा निखळेल पण सांधा निखळायचा नाही. खण रोज ओढायची वस्तू, म्हणून तर त्याला हा सांधा. सोयीचं असतं त्याला खिळा म्हणतात.

पण एकट्या नायजेलला बोल लावून काय उपयोग? स्टेशनाबाहेर पाटी लागली आहे की बस आणि आगगाडी यांच्या वेळा आता डव्हटेल केल्या आहेत. गाडी फलाटाला लागते, त्याच क्षणी बस निघते, आणि आम्ही पिशव्या सावरत तिच्या मागच्या दिव्यांना शिव्या घालतो. नवे पाद्रीबुवा तर प्रवचनात म्हणाले की नवराबायकोचे स्वभाव डव्हटेल झाले पाहिजेत. (ते अविवाहित आहेत.) आपली हॅटी तिथे असती तर मोठ्यांदा खोकली असती.

हॅटीवरून आपल्या मालकांचं, थोरल्या क्रॅबट्रींचं, वर्कशॉप आठवलं. खरं म्हणजे हल्ली कशावरूनही आठवतं. चुलीवर उकळणाऱ्या सरसाचा तो घाणेरडा वास आता कुठे मिळाला तर मी पैसे देऊन घेईन. आधी शेपट्या कापायच्या की आधी खुंट्या, यावरून आपली रोज जुंपायची. मी शेपटीवाला, तुम्ही खुंटीवाले. माझ्या बहिणीशी, हॅटीशी, तुम्ही लग्न केलंत तेही मला या वादात गप्प बसवायला, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती दुपारी फडक्यात डबा बांधून घेऊन यायची आणि दारातूनच ओरडायची, "अरे, लाकूड मेलंय, त्याला काय फरक पडतो? जेवा आधी!" शेवटी क्रॅबट्री कावले. "क्लेम, तू खणाच्या बाजूंच्या शेपट्या काप. अमोस, तू दर्शनी फळ्यांच्या खुंट्या काप. आणि दोघंही थोबाडं बंद ठेवा." सोमवारी माझ्या शेपट्या आधी, मंगळवारी तुमच्या खुंट्या आधी, असा तह झाला. थोबाडं काही बंद झाली नाहीत, पण खण असे निघाले की ढकलले की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची.

त्या तहाचं फळ मला आता या वयात मिळालं. लिनेटसाठी ओकचं कपाट केलं. वर दोन दारं, खाली एकच मोठा खण. (खालचा खण नसेल तर पोरीनं संसाराच्या चादरी आणि अभ्रे साठवायचे कुठे?) दारं झक्क बसली. खणाला हात घातला आणि लक्षात आलं की जन्मभर हजारो खण केले, पण एकट्यानं पुरा असा एकही केलेला नाही. तरी हिय्या केला. दोन बाजू कापल्या, सुबक, देखण्या, आणि दोन्ही डाव्या. आपल्याकडे दोन डाव्या बाजू कापणाऱ्यानं सगळ्यांना मांसाचं सारण भरलेला पोर्क पाय खिलवायचा असा नियम होता. मी नियमानं जाऊन पोर्क पाय आणला आणि बाकावर बसून एकट्यानं खाल्ला. दाजी, टवाळी करायला कोणी नसलं की चूकसुद्धा गोड लागत नाही. अर्धा मांजरीनं नेला.

मग उजवी बाजू कापली, ती उजवीच झाली. पुढे खुंट्या. रीतसर आखलं, करवत धरली, आणि ठेवायचा भाग कापून टाकून, टाकायचा भाग जपून ठेवला. एवढी सुंदर फळी चुलीत गेली. आता कपाट खाली आ वासून उभं आहे आणि त्या भोकात मांजर झोपते. लिनेट विचारते, "आजोबा, होईल ना वेळेत?" मी म्हणतो, "लाकूड वाळतंय." ते लाकूड मी तिच्या जन्माच्या आधीपासून वाळवतो आहे.

असो. सूनबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
क्लेम बॅराक्लफ

ता. क. वरचं सगळं त्या शब्दाबद्दल होतं. आता काम. दुसरी फळी रंधा मारून कोरी ठेवली आहे. तुम्ही तुमची करवत घेऊन या. हॅटी गेल्यापासून तुम्ही या खोऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. कारण मला ठाऊक आहे म्हणून मी कधी विचारलं नाही. पण ती तुमची बायको होती, तशी माझी बहीणही होती. तुम्ही तिकडे एकटे तिची आठवण काढता, मी इकडे एकटा काढतो. एका बाकावर बसून काढली तर दुःख कमी होईल असं नाही, पण चहा तरी एका किटलीत होईल.

ता. क. हात थरथरतात ही सबब चालणार नाही. माझेही थरथरतात. दोघांचे एका तालात थरथरले तर सांधा बसेल, आणि नाही बसला तर भुसा आणि सरस भरू. क्रॅबट्री आता बघायला येत नाहीत.

ता. क. सांगू की नको असं करत होतो, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. लिनेट आणि नायजेलनी शनिवारी दुकानातून पांढरं चकचकीत कपाट आणलं. "आजोबा, उगाच दगदग नको," म्हणाली बिचारी. तेव्हा लग्नाची घाई मनात धरू नका, हा खण आता कोणालाच नको आहे. लग्नाआधी या, नंतर या, पण या. आल्यावर तुम्ही खुंट्या सावकाश कापा. मी तर नव्या बाजू घेऊन शेपट्या पुन्हा, त्याहून सावकाश कापणार आहे.