दोन फवारे

एस्पान्योला, ४ मार्च, बुधवार

चि. डेल्फिनास अ. उ. आ.

आज कामावर पाच घरी गेलो. दोन ठिकाणी दार उघडलं नाही. एका ठिकाणी कॉफी मिळाली. एकाला दवाखान्यात पोचवलं आणि एक बाई नुसत्या रडल्या. चारला घरी आले तर पेटीत तुझं पत्र.

लिहिलंस ते बरं केलंस. तुझा फोन नवऱ्याच्या खाटेपासून चार पावलांवर, त्यावर हे बोलता येणार नव्हतं. छपरावरून पडून एलिसेओला दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या बंद केल्या तेव्हाच, मग पाठीचं दुखणं कशाने थांबतं, हे मी विचारायला हवं होतं. लोकांच्या घरी जाऊन हेच विचारायची माझी नोकरी आहे. आता त्या निळ्या गोळ्या कोण देतं यावर भांडू नकोस. त्यांत काय आणि किती घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मला भीती त्याची आहे.

सोबत गोळ्यांचा अंमल उतरवणारे, नाकात मारायचे दोन फवारे पाठवते. तो हलवून उठला नाही, ओठ निळे पडले, घोरल्यासारखा आवाज आला, तर आधी ९११ ला फोन कर. मग एक फवारा एका नाकपुडीत पूर्ण दाब. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत. मध्ये थांबू नकोस, नाक धरून तोंडाने श्वास दे, दर पाच सेकंदांनी एक.

आमच्या नियमाने नात्यातल्या घरी मला जाता येत नाही. आमच्या संकटकाळच्या नंबरवर फोन केलास तर माझा जोडीदार तोबियास येईल. पोलीस येत नाहीत. तो कमी बोलतो आणि चांगला ऐकतो.

माझा मुलगा फर्मिन असाच गेला तेव्हा मी कामावर होते, ते तुला माहीत आहे. म्हणून इतकं लिहिलं.

मला परकी करू नकोस.

तुझी,
रोसेन्दा


चमिसाल, ९ मार्च

ती. रोसेन्दाताईस सा. न. वि. वि.

खोकं शनिवारी मिळालं. पस्तीस मैलांवरून निघालेलं टपाल आधी अल्बुकर्कची वारी करून येतं, तोवर माणूस म्हातारा होतो.

तुमच्या कामाची गाडी दारात नको गं. पांढरी असली, वर काही लिहिलेलं नसलं, तरी अख्खं खोरं तिला ओळखतं. समोरच्या युफेमियाबाईंचा पडदा तर वाऱ्याशिवाय हलतो. एलिसेओ आपल्या पाटाचा पाटकरी, कोणाच्या शेताला कधी पाणी ते तो ठरवतो. एकवीस तारखेला पाट साफ करायला साठ माणसं फावडी घेऊन जमतील. त्यांच्यासमोर त्याला मान खाली घालायला लावू नकोस. तेवढं होऊ दे, मग तुझ्या तोबियासला जेवायला बोलावते.

खोकं त्याने पाहिलंच. म्हणाला, रोसेन्दाताईंना कोणी सांगितलं मला सर्दी झालीय म्हणून? हसला. मग अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला.

तू काळजी करू नकोस. तुला ठाऊक आहे मी कशी आहे, गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी. दोन्ही फवारे मोरीत दाबून पाहिले. दोन्ही चालतात, छान तुषार उडतो. पुसून परत खोक्यात घातले आणि पिठाच्या डब्यामागे ठेवले. आता मला झोप लागते.

रागावत जा, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
डेल्फिना


चमिसाल, तुझ्या अंगणात. १३ मार्च, दुपार

डेल्फिना,

त्या फवाऱ्यात एकच डोस असतो. एकदा दाबला की संपला. तुझे दोन्ही रिकामे आहेत.

पत्र आज साडेअकराला वाचलं. तुला नऊ वेळा फोन लावला. तोबियासला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, नियम मलाही पाठ आहे, तुम्ही गाडीतून उतरायचं नाही, एवढंच. आणि गाडी चालू केली.

मी उतरले. दाराला कुलूप आहे. ट्रक इथेच आहे. खिडकीतून पाहिलं तर खाट रिकामी, पांघरूण जमिनीवर, खाटेशी त्याचा एकच बूट. मोरीचा नळ बारीक चालू राहिलाय. तू नळ चालू सोडून घराबाहेर पडत नाहीस.

नवे दोन फवारे या चिठ्ठीसोबत दाराला बांधते आहे. दाबून पाहू नकोस.

तोबियास युफेमियाबाईंकडे विचारायला गेला होता. तो परत येतोय. टोपी डोक्यावर नाही, हातात आहे.

रोसेन्दा


सांता फे, दवाखाना. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवा तू इथे त्याच्या खाटेशी उभी होतीस आणि तो आपल्या दोघींच्या मध्ये होता, म्हणून लिहिते.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी कोंबड्यांना घालून आत आले तर तो खाटेवर आडवा. ओठ पाटीसारखे झाले होते. आधी फोन केला, तू लिहिलं होतंस तसं. मग फवारा दाबला. काही नाही. दुसरा दाबला. काही नाही. तेव्हा मला वाटलं, हा औषधाच्या पलीकडे गेला. मी किती वेळ नुसती बसले ते सांगता येत नाही. थोडाच असेल.

मग तुझं श्वासाचं आठवलं. युफेमियाबाई उघडं दार बघून आल्या, त्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. गुडघ्यांवर बसल्या आणि मोठ्याने पाच पाच आकडे मोजायला लागल्या. मी चुकले की ओरडायच्या, अगं फुंक, काय बघतेस! दवाखान्याची गाडी यायला सव्वीस मिनिटं लागली. सव्वीस मिनिटं त्या मोजत होत्या. आता त्यांचा आवाज पार बसलाय.

तुला दोन दिवस कळवलं नाही, कारण मला वाटलं मीच काहीतरी उलटं केलं. तू इतकं नीट लिहून दिलेलं, आणि मला तेवढंही जमलं नाही. तुला काय तोंड दाखवणार होते?

एलिसेओ कमी बोलतो. काल म्हणाला, पाट साफ होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, पाट तुझ्यावाचूनही वाहील, मी नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं. आज म्हणाला, तो टोपीवाला आला तर येऊ दे, पण गाडी पुढच्या अंगणात लावायची. चोरासारखी मागे नको.

तो झोपला की मी त्याच्या छातीकडे बघत बसते. ताई, हे कधी थांबतं?

जवळ धर.

डेल्फिना


एस्पान्योला, २२ मार्च, रविवार

चि. डेल्फिनास अ. उ. आ.

चूक तुझी नव्हती. फवारा देताना दाबून पाहू नका, हे वाक्य मी रोज चार अनोळखी माणसांना सांगते. तुला मात्र लिहिलं नाही. का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तू माफ केलंस असं लिहू नकोस, इतक्यात नको.

मी तुझ्या घरी गेले ते तोबियासने आणि मी वरिष्ठांना सांगितलं. मला ताकीद मिळाली. ती योग्य आहे.

गुरुवारी तो तुमच्याकडे येऊन गेला. एलिसेओ काय बोलला ते तो मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. दोन कप कॉफी प्यायलो, एवढंच म्हणाला. काल पाटाच्या कामाला एलिसेओ खुर्ची टाकून बसला आणि सगळ्यांवर ओरडला, असं युफेमियाबाईंनी फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज अजून परतला नाही.

शुक्रवारी एका आईच्या हातात फवारा दिला. मी बोलायच्या आत तिने अंगठा खालच्या दट्ट्यावर ठेवला. मी ओरडले आणि तिचं मनगट धरलं. ती घाबरून मागे झाली. अठरा वर्षांचा मुलगा आहे तिला. तिची क्षमा मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कधी थांबतं ते विचारलंस. कमी होतं. पूर्ण थांबलेलं मी पाहिलं नाही. दुपारी युफेमियाबाईंना त्याच्याजवळ बसव आणि तू झोप.

तुझ्या पत्राची वाट बघण्याची माझी सवय मोडू देऊ नकोस.

आता राजमा निवडायला घेते. या वेळच्या पिशवीत खडे फार आहेत.

तुझी,
रोसेन्दा