शिडीची वाटणी

मी, साइमा नीमेला, वय एकाहत्तर, शिक्षण हायस्कूल पास, व्यवसाय घरकाम, सकाळची प्रार्थना आणि कॉफी उरकून, डोके ठिकाणावर असताना, कोणी न सांगता हे मृत्युपत्र लिहिते.

१. राहते घर वडिलांकडून माझ्या नावावर आले. यजमान ताइस्तो यांनी ते हयातभर वापरावे, त्यांच्यामागे मुलगी एल्वीने घ्यावे. बँकेतली शिल्लक एल्वीची. त्यातून मला महागडी पेटी घेऊ नये. पाइनची पुरे, जमिनीखाली पॉलिश कोण बघतो?

२. कॉफीची मोठी किटली चर्चच्या स्वयंपाकघराला. मात्र ती श्रीमती हायक्किनेन यांच्या हाती देऊ नये. त्या पाणी वाढवतात.

३. शिडीबाबत. यजमान अठ्ठ्याहत्तरचे असून अजून छपरावर चढतात. खालून शिडी मी धरते. माझ्यामागे ती कोण धरणार, ही मला मरणापेक्षा मोठी काळजी आहे.

पूर्वी धाकटे दीर उर्हो धरीत. एका रविवारी मी चर्चमध्ये कॉफीच्या कामाला लवकर गेले होते, तेव्हा यजमान ‘एकच फळकूट ठोकतो’ म्हणून वर गेले. रविवारी काम करणे पाप, म्हणून शिडी रस्त्यावरून दिसायला नको असे ठरवून भावजींनी ती गोठ्यात लपवली, आणि भाऊ वर आहे हे विसरून चर्चला आले. अख्खी मंडळी घरावरून गेली. धुराड्याला टेकून बसलेल्या यजमानांना सगळ्यांनी हात केले; पाद्रीबुवांनी टोपीही काढली.

“विसरलो रे दादा.”

“भाऊ विसरलास. शिडी बरी नाही विसरलास!”

तेव्हापासून शेजारी राहून अबोला.

म्हणून, सरकत्या शिडीचा रबरी पायांचा खालचा भाग उर्हो यांना आणि वरचा भाग यजमानांना देते. एकट्या भागाने छप्पर गाठता येत नाही. जोडल्यावर वरचे टोक वळचणीच्या तीन पायऱ्या वर असावे. शिडीचे पाय भिंतीपासून उंचीच्या पाव हिश्शाइतके लांब ठेवावेत. दव वाळल्याशिवाय चढू नये. हातोडा बादलीतून ओढून घ्यावा, हात शिडीसाठी मोकळे ठेवावेत. बाजूला वाकून हात लांबवू नये. खाली उतरून शिडी सरकवावी. कंटाळा आला तर मला भेटायची घाई झाली असे मी समजेन.

कोठीवरचे छप्पर गळत असल्याने हे कलम आजपासूनच लागू आहे. आत्ताच अंगणातून हाक आली.

“अगं, शिडीचा खालचा भाग कुठाय?”

“उर्होभावजींकडे. एल्वीने सकाळीच पोचवला.”

“वाटण्या मेल्यावर करतात गं.”

“अहो, छप्पर आत्ता गळतंय.”

त्यांनी एकदा छपराकडे पाहिले. मग वरचा भाग खांद्यावर टाकून भावजींच्या घराकडे निघाले. तेव्हा कलम तीन पुरे झाले असे समजावे. बाकीच्यांची घाई नाही.

सही: साइमा नीमेला

साक्षीदार (यांना यात काहीही ठेवलेले नाही, कॉफी आणि वेलचीचा पाव दिला):
१. आर्वो लाहती
२. सिल्वी कांगास

स्थळ: पेल्टोला, मिशिगन
दिनांक: १४ सप्टेंबर १९८३