कोरी माती

३ नोव्हेंबर, सोमवार

डोकं फिरलंय नुसतं! नव्या प्लँटचा पर्यावरणावर काय परिणाम झाला, त्याचा तक्ता आज उदयसिंह साहेबांनी माझ्या टेबलावर आणून आदळला. एकीकडं ‘कामाआधी’, दुसरीकडं ‘कामानंतर’. सांडपाणी अख्ख्या शहराचं, आणि तक्ता भरायचा कुणी? लॅबमध्ये एकट्या बसलेल्या सिद्धेश्वरीबाईंनी. तोही शुक्रवारपर्यंत!

पाण्याचं भरून टाकलं. खरं सांगू? भरताना जरा छाती फुगली. पावसाळ्यापर्यंत जुन्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बाटली भरताना नाकाला ओढणी बांधावी लागायची. आता बाटली उजेडात धरली की पलीकडचं पंपवाल्या हुसेनसाबचं टक्कल स्पष्ट दिसतं. पुढं नाल्यात बारके बारके मासे आलेत. परवा तारेवर खंड्या बसला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा!

मग शेवटची ओळ आली. गाळ. नवं मशीन घाण दाबून पाणी काढून घेतं, मागं काळ्या वड्या राहतात. साहेब त्याला ‘केक’ म्हणतात. त्याच्यापुढं आधीच टाईप केलेलं – ‘शेतकऱ्यांना खत म्हणून मोफत.’

मी म्हटलं, “साहेब, जुन्या वह्यांत बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्रोमियम आहे, शिसं आहे. रंगखान्यांचं. आधी ते नाल्यातून वाहून जायचं. आता पाण्यात दिसत नाही. मग गेलं कुठं? गाळातच बसलं असणार ना?”

“गेलं ना? मग झालं की!”

झालं की म्हणे! घर झाडायचं आणि केर गादीखाली सारायचा, तसली गत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा उतू गेला. गॅससमोर उभं राहून एकदम आठवलं – दिवाळीत माहेरी अप्पांना मीच सांगितलं होतं. “नवा प्लँट सुरू झालाय, खत फुकट मिळतंय, ट्रॅक्टर घेऊन या. सोनं आहे सोनं!” सहा ट्रॉल्या घेऊन गेले अप्पा. मी गेटवर उभी राहून भरून दिल्या.

लगेच फोन लावला.

“अप्पा, तो गाळ पसरू नका.”

“पसरलं की! वरच्या रानात समदं पसरलं. लई झकास हाय.”

“तिथं कांदा लावू नका इतक्यात. तपासून घेते.”

“आता का तपासतीस? तूच म्हनलीस की सोनं हाय म्हून.”

म्हणालेच होते मी! बारा वर्षं लॅबमध्ये घालवली, आणि जी गोष्ट आधी विचारायची ती मी ट्रॉल्या भरून दिल्यावर विचारतेय. कप्पाळ माझं!

आज गुरुवार, म्हणून होटगीच्या गाडीनं गावाकडची, आईनं भरलेली पिशवी आली. मेथी, चुका, शेपू. अर्धी नेहमीसारखी शेजारच्या सुंदरम्मांना दिली. त्यांच्या सुनेला, ऋतुजाला चौथा लागलाय, तिला दुसरं काही पोटात ठरतच नाही. अव्वाला फोन करून बजावलं – वरच्या रानातलं पानही कुणी खायचं नाही. घरात आणि पिशवीत फक्त खालच्या वाफ्यातली भाजी. दर वेळ अमावस्येला खोप घालतात तिथली.

१० नोव्हेंबर

गाळ पुण्याच्या लॅबला पाठवायचा, तर साहेबांची सही लागते. साहेब मीटिंगमध्ये.

११ नोव्हेंबर

साहेब मीटिंगमध्ये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सही मिळाली. “उगाच नाही ते उकरून काढताय” हा आहेरही मिळाला.

आज जुने वाळवणाचे ओटे सपाट केले. पूर्वी तिथं गाळ पसरून वाळवायचे. त्यात टोमॅटो आपोआप उगवायचे – शहरातल्या लोकांनी खाल्लेल्या टोमॅटोचं बी, दुसरं काय! जेसीबी येण्याआधी हुसेनसाबनी पिशवीभर तोडून माझ्या टेबलावर ठेवले. मी पिशवीसकट उचलून कचऱ्यात टाकले.

“कायकू फेंके मॅडम? तीस बरस हो गए, मैं खाताय. कुछ हुआ क्या मेरेकू?”

“घाणीत उगवलेलं ते. त्यात काय काय असतं, तुम्हाला काय दिसणार?”

“अब क्या होता उसमें? रंग के कारखाने आधे बंद पड गए. बाकी के लोगां पानी साफ करके छोडते. अब आता सो खाली घरां का पानी है, मॅडम.”

रसायनशास्त्र मी शिकलेय का हुसेनसाब? मला पढवतात! वर दिवसभर तोंड फुगवून पंपाजवळ बसले. चहालाही आले नाहीत. बसू देत.

२५ नोव्हेंबर

नमुना परत! कुरियरनं! डबा तसाच, सील तसंच, वर चिठ्ठी – ‘तुलनेसाठी कोऱ्या मातीचा नमुना जोडलेला नाही.’ म्हणजे त्याच शिवारातली, पण गाळ न पडलेली माती पाहिजे. ती शेजारी असली तरच गाळानं काय बिघडलं ते कळणार म्हणे.

बरोबर आहे त्यांचं. पण हे फोनवर सांगता येत नव्हतं? आठ दिवस गेले फुकट.

४ डिसेंबर, गुरुवार

अप्पा फोनवर येत नाहीत. अव्वा मधल्या मधे निरोप्याचं काम करतेय. कांद्याची रोपं तयार आहेत, आणि मी लावू देत नाही.

“सिद्धा, ते म्हंतेत, रोपं पिवळी पडाय लागली.”

“पडू दे.”

“ते म्हंतेत, नाल्याचं पाणीबी तुज्याच लोकांनी बिगडवलं. ह्या पाण्यात जीव न्हाय. पैलं पाणी लई ताकदीचं हुतं, नुसत्या पाण्यावर मेथी गुडघ्याएवढी यायची.”

घ्या! पाणी घाण होतं तेव्हा बारा वर्षं मी शिव्या खाल्ल्या, आता स्वच्छ केलं तरी मीच वाईट. खताचा अंश कमी झाला तर मेथी थोडी बारीक येणारच की! अमरेशला सांगत होते, तर नवरोबा म्हणतात, “तू जगाची गटारं तपास. आपलं बेसिन चार दिवस तुंबलंय.” हसावं की रडावं!

१९ डिसेंबर, शुक्रवार – वेळ अमावस्या

रजा टाकून गावी गेले. वेळ अमावस्येला शेतात गेलं नाही तर अव्वा वर्षभर ऐकवते. शिवाय माती आणायची होतीच.

खालच्या वाफ्याजवळ अप्पांनी कडब्याची खोप उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. अव्वानं डोक्यावरून टोपलं आणलं – उंडे, भज्जी, शेंगापोळ्या, आंबील. भज्जीतली सगळी भाजी याच वाफ्यातली. दर वर्षी तिथलीच असते, देवाच्या पायाशी उगवलेली म्हणून. मी दोनदा घेतली. तिसऱ्यांदा अव्वानं न विचारता वाढली.

अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. शेताभोवती आंबील शिंपडत फिरले, वरच्या रानाकडं मात्र गेले नाहीत. सत्तरीचा माणूस, आणि बांधावर पाठमोरा उभा. मला एवढं वाईट वाटलं! सहा ट्रॉल्या! ज्या रानावर त्यांनी मला एम.एस्सी. केलं, त्यात मी काय टाकलं, मलाच माहीत नाही.

जेवणं झाल्यावर मी डबा काढला. “अप्पा, गाळ न पडलेली माती पाहिजे.”

पंधरा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. “हितली घे. पांडवाच्या म्होरली. हितं म्या तुजं सोनं टाकलं न्हाय, यव्वा.”

मी खुरप्यानं वीतभर खोल माती काढली. हाताला मऊ, काळीभोर. याच वाफ्यावर लहानपणी मी पाण्याचं दारं धरायचे. नाल्यावर इंजिन चालू झालं की पाटातून कधी लाल पाणी यायचं, कधी निळं, कधी हिरवं. आज शहरात कुठल्या रंगाच्या चादरी चालल्यात यावर आम्ही पोरी पैजा लावायचो. पाय घोट्यापर्यंत रंगायचे. अव्वा दगडानं घासायची आणि पाठीत धपाटे घालायची. केवढी मजा होती!

डब्यावर माझ्या हातानं लेबल चिकटवलं. ‘कोरी माती.’

२२ डिसेंबर

दोन्ही डबे रवाना. पोचपावती फाईलला. साहेबांना अहवालातली गाळाची ओळ रिकामी ठेवायला लावली. म्हणाले, “तुम्ही फार ताणता हो.”

ताणते. माझ्या बापाचं रान आहे.

१ जानेवारी, गुरुवार

रोपं गेली. अप्पांनी उपटून बांधावर फेकली. अव्वानं सांगितलं.

पिशवी मात्र आली. वर चिठ्ठी – ‘खालच्या वाफ्यातलीच हाय.’

१४ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. अख्खं शहर तिकडं, ऑफिसात मी आणि हुसेनसाब. त्यांनी घरचा चहा दिला. टोमॅटोचा विषय दोघांनीही काढला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

मेंदूचा भुगा झालाय. पुण्याच्या लॅबमधून कुणी पोरगी बोलत होती.

“मॅडम, लेबलं लावताना काही गडबड झाली का? गाळाचा रिझल्ट एकदम नॉर्मल आहे. आणि कोऱ्या मातीत क्रोमियम मर्यादेच्या सहापट, शिसंही वर. असं कसं होईल? डबे अदलाबदल झालेत तुमच्याकडून.”

माझ्याकडून! मी अशी तापले! म्हटलं, “बाई, मी बारा वर्षं लेबलं लावते. झोपेत लावली तरी चुकायची नाहीत. अदलाबदल तुमच्याच टेबलावर झालीय. पुन्हा तपासा, उरलेली माती आहे ना तुमच्याकडं?”

“आहे. पण पंधरा दिवस लागतील.”

लागू देत! पण पंधरा दिवस थांबायचं कशाला? अदलाबदल कुणीही केलेली असो, अर्थ एकच. गाळात सहापट. मी म्हणत होते तेच!

खरं तर आनंद व्हायला पाहिजे. माझं बरोबर निघालं. पण रान अप्पांचं आहे.

२० जानेवारी

साहेबांना सांगितलं. चेहरा पडला. “लेखी काही आलंय का? नाही ना? मग कुठं बोलू नका.”

अप्पांना मात्र सांगितलंच. त्यांनी एवढंच विचारलं – “खरडून काढावं लागंल?”

“व्हय, अप्पा.”

“वीतभर?”

“वीतभर.”

२५ जानेवारी, रविवार

दिवसभर गावी. ट्रॅक्टरला फळी लावून वरचं रान खरडलं. बापजाद्यांनी दगड वेचून केलेली माती, तिचा ढीग कडेला घातला. अप्पा ड्रायव्हरला नुसतं हातानं दाखवत होते, हितनं, तितनं. दुपारी भाकरी खाल्ली नाही त्यांनी. मी पाया पडायला वाकले, तर डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू वेळेवर सांगितलंस, यव्वा. लोकाच्या पोटात गेलं असतं.”

मी बांधामागं जाऊन रडून घेतलं.

येताना अव्वानं पिशवी भरून दिली. “ऋतुजाला सातवा लागला न्हवं? तिला जास्त दे. खालचीच हाय, तू म्हनलीस तशी.” सुंदरम्मांनी ओटीभरणासाठी मेथीच्या दहा पेंढ्या सांगितल्यात, त्याही अव्वा पुढच्या आठवड्यात पाठवणार.

३० जानेवारी

अहवाल नेण्यासाठी वरच्या ऑफिसचा माणूस आला. गाळाची ओळ अजून कोरी! साहेब माझ्यावर ओरडले, मी साहेबांवर ओरडले. हुसेनसाबनी मधे पडून दोघांना पाणी दिलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याचं पत्र आलं. पुन्हा तपासलं त्यांनी, दोनदा. लेबलं बरोबर होती.

गाळ चांगला आहे. सहापट निघालंय ते खालच्या वाफ्यात, लाल-निळं पाणी प्यालेल्या.

स्वयंपाकघरात दहा पेंढ्या मेथी पडलीय. सुंदरम्मा बाहेरून हाका मारतायत, “सिद्धा, आली का गं पिशवी?”