शेटजीचा पाय

मुंबई, ता. २७ ऑक्टोबर १९४९

ती. सौ. शकुनताईच्या पायावर उद्धवचं डोकं. वि. वि.

बडनेऱ्याहून गाडीत बसलो तो थेट इथं खोलीवर येऊन पडलो. खुशाली कळव म्हणायले तोंड नाही. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि भाऊ पाडव्यालेच पिशवी उचलून चालता होतो, बहिणीचं ओवाळणीचं ताट तसंच राहते, असं आपल्या घराण्यात कोणी केलं नसेल. मी केलं.

आपल्याकडे मामा भाशीच्या पाया पडतो. मी रमाच्या कानशिलात मारली. नऊ वर्षांची पोर, आणि कशासाठी, तर एका विलायती उंदरासाठी. ते जनावर लेबॉरेटरीतल्या डॉक्टरसाहेबांनी मले खुशीनं दिलं, सुई न टोचलेलं, निरोगी, हे खरं. पण मी ते रमासाठी कमी आणि मिरवायले जास्त आणलं होतं. दिवसा झोपणारं जनावर. मी भरदुपारी उठवलं, मानेची कातडी चिमटीत धरली आणि शेजारणींले उलटंपालटं करून दाखवलं. मी तिथं पिंजरे धुतो हे कोणाले सांगितलं नाही, डॉक्टरच्या हाताखाली आहो म्हणालो. मग रमानं ते उचललं, ते तिच्या बोटाले चावलं, तिच्या हातून ओट्यावरून खाली पडलं आणि लंगडू लागलं. मले वाटलं माझी इज्जतच खाली पडली. हात कवा उठला ते कळलंच नाही, असं लोक म्हणतात. मले कळलं होतं.

तिचं बोट साबणानं धुतलं काय? पिकलं तर नाही? ती माझ्याबद्दल काही बोलते काय? दोन ओळी लिही. शिव्या दिल्या तरी चालतील, तुझ्या अक्षरात असल्या म्हणजे झालं.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
उद्धव

अमरावती, ता. १ नोव्हेंबर १९४९

चि. उद्धवले आशीर्वाद. मी मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. वि. वि.

बोट बरं आहे. दोन दातांच्या खुणा राहिल्या, पिकलं नाही.

पण तू पळाला काहून? मारलं ते एक. त्याचं मी पोरीले कसंतरी समजावलं असतं. पळून गेला त्याचं काय समजावू? भाऊबीजेच्या दिवशी ती सकाळपासून दारात बसून होती. तुझे भाऊजी पाडव्याले बाहेर होते, त्यांनी विचारलं मेहुणा असा काहून गेला. मी नोकरीवरून तार आली म्हटलं. माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही. त्यांनी अजून पोरीवर बोट उचललं नाही, तुले माहीत आहे.

रमा तुझं नाव काढत नाही. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यात भरवलं आहे, की भाशीले मारलं तर मामाचे हात थरथर कापतात. तिनं मले एकदाच विचारलं, हात कापत असले तर मामाले जेवता येत असेल काय. मी म्हटलं, जेवायच्या वेळी त्याचे हात कधी कापत नाहीत. ती हसली नाही.

जनावराचं नाव तिनं शेटजी ठेवलं होतं, ज्वारी गालात भरभरून कोपऱ्यात लपवतो म्हणून. आता ती खोक्याजवळ जात नाही. शेटजी खात नाही, मागचा पाय ओढतो, कापसात तोंड खुपसून पडून राहतो. मी हात घातला की चिरकतो. तुझे भाऊजी म्हणतात, शाळेत चाळीस पोरं सांभाळतो पण हा एक ऐकत नाही. आठ दिवसांत सुधरला नाही तर वावरात सोडून येतील. मग घारीची दिवाळी. काय करायचं ते लवकर लिही.

रागात असली तरी तुझीच,
ताई

मुंबई, ता. ५ नोव्हेंबर १९४९

ती. सौ. ताईले दंडवत. वि. वि.

तुझं पत्र नत्थुजींले वाचून दाखवलं. हे परतवाड्याचे म्हातारे, वीस वर्षं इथं हीच जनावरं सांभाळतात. त्यांनी पहिली गोष्ट विचारली, की खोक्यात अंथरायले काय घातलं. मी फुशारकीनं सांगितलं, आपल्या अकोल्याच्या शेतातला, हातानं वेचलेला, सरकी काढलेला कापूस. त्यांनी कपाळाले हात लावला. म्हणाले, वऱ्हाडी माणसाले कापसाशिवाय माया करता येत नाही काय. कापसाचे तंतू या जनावराच्या पायाले वेढे घालतात, दोऱ्यासारखे आवळत जातात, पाय मरतो. इथं मी रोज कोरडं गवत आणि कागदाचे तुकडे घालतो. घरी येऊन कापूस घातला, कारण कापूस आपला होता.

म्हणजे पाय रमामुळं गेला नसेल ताई. माझ्यामुळं गेला असेल, आणि मार तिनं खाल्ला.

आता ऐक. त्याले झोपेतून उठवू नको. दिवेलागणीले तो आपणच बाहेर येतो. वरून हात घालू नको. वरून येते ती घार, एवढंच त्याले समजते. जमिनीवर बस, म्हणजे निसटला तरी पडणार नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून खालून घे, धोतराच्या मऊ फडक्यात सैल गुंडाळ, मागचा पाय तेवढा बाहेर ठेव. दाबू नको. भाऊजींले चाळशी लावून पाहायले सांग. तंतू दिसला तर ओढायचा नाही, भरतकामाच्या बारीक कात्रीनं कापायचा. मग सगळा कापूस काढून टाक.

त्यानंतर पाच-सहा दिवस कोणी त्याले शिवू नका. नुसतं जवळ बसून हळू बोला, त्याले आवाज ओळखू द्या. मग उघड्या तळहातावर करडीचे दोन दाणे. हात आधी धुवा, नाहीतर खाण्याच्या वासानं बोटालेच दाणा समजतो. चढला तर चढला, नाही तर उद्या पाहावं. हे काम रमानं करावं असं मले वाटते. पण मी म्हटलं असं सांगू नको.

पायाचं काय झालं ते कळेपर्यंत जेवण गोड नाही.
उद्धव

अमरावती, ता. १४ नोव्हेंबर १९४९

चि. उद्धवले ताईचे आशीर्वाद, या खेपेले मनापासून. वि. वि.

तू लिहिलं तसंच निघालं. केसासारखे बारीक तंतू, तीन वेढे. मी धरलं, तुझ्या भाऊजींनी कापलं. त्यांनी शेटजीले इतक्यांदा सांभाळून बाबा, सांभाळून म्हटलं, की मले इतक्या वर्षांत तेवढं म्हटलं नसेल. शेटजीच्या पायाचं एक बोट काळं पडून गळालं, पण पाय वाचला. आता टेकवतो, खातो.

पुढचं लिहू की नको म्हणून दोन दिवस पत्र अडवून ठेवलं. मग म्हटलं, लागू दे तुझ्या मनाले. आम्ही दोरा कापत होतो तवा रमा दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, की तो दोरा तिनं पाडव्यालेच पाहिला होता. तोच काढत होती, म्हणून तो चावला. मी म्हटलं, मग तवाच सांगितलं काहून नाही. ती म्हणाली, कोणी विचारलं नाही.

आता संध्याकाळी खोक्यापाशी बसते. काय बोलावं ते सुचत नाही म्हणून हळू आवाजात पाढे म्हणते. शेटजीची पावकी-निमकी पाठ झाली असेल.

तिले तूच लिही. मधे मले घालू नको.
ताई

अमरावती, ता. ४ डिसेंबर १९४९

ती. मामाले रमाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आईनं मले एकटीले वाचायले दिलं. तू माफी मागितली ते वाचलं.

काल शेटजी माझ्या हातावर बसला. आधी दाणा घेऊन पळून जायचा. काल तळहातावरच बसून गाल भरले. त्याच्या नखांनी गुदगुल्या होतात. माझ्या नाकावर माशी बसली तरी मी हलली नाही. आईले तो अजून येऊ देत नाही.

एक गोष्ट तुले सांगायची आहे. भाऊबीजेले माझ्या शाळेतल्या चारुशीलानं विचारलं होतं, गाल काहून सुजला. मी ओट्यावरून पडली असं सांगितलं. मामा कधी मारत नाही असं सगळ्याजणी म्हणतात, मग माझाच मामा मारतो असं कसं सांगू. बाबांलेही तेच सांगितलं, नाहीतर ते तुले घरात घेणार नाहीत. तू घाबरू नको, मी कोणाले सांगणार नाही. संक्रांतीले येणार काय?

तुझी भाशी,
रमा

मुंबई, ता. १० डिसेंबर १९४९

चि. रमाले मामाचा नमस्कार. आशीर्वाद द्यायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही. वि. वि.

तुझं पत्र पिंजऱ्यांपाशीच उघडलं. शेटजी हातावर बसला तिथपर्यंत मी नत्थुजींले मोठ्यानं वाचून दाखवत होतो. पुढचं वाचता आलं नाही. नत्थुजींनी विचारलं काय झालं, तर डोळ्यात भुसा गेला म्हणालो. तेही खोटंच.

रमा, मामा मारत नाही ही गोष्ट खरी ठेवायचं काम माझं होतं, तुझं नाही. सुजलेला गाल घेऊन तू माझी अब्रू सांभाळत फिरली, आणि मी इथं सुखानं दोन वेळा जेवून राहिलो. आता हे ओझं टाकून दे. चारुशीलाले सांग, माझ्या मामानं मारलं, आणि चूक त्याची होती. ती हसली तर हसू दे, ते हसणं माझ्यावर आहे.

तुझ्या बाबांले मी आजच वेगळं पत्र टाकलं. तार आली नव्हती, तू पडली नव्हती, आणि मी डॉक्टरच्या हाताखाली नाही, पिंजरे धुतो, हे सगळं त्यात आहे. तुझ्या आईले बोलू नका, ती माझ्यासाठी गप्प राहिली, असंही लिहिलं. ते येऊ नको म्हणाले तर मी संक्रांतीले येणार नाही, आणि तू त्यांच्याशी भांडायचं नाही. ये म्हणाले तरी मी अंगणात थांबीन. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हटलं तर मी रुसणार नाही, परत जाईन, आणि या खेपेले सांगून जाईन.

शेटजी आईजवळ जात नाही म्हणून तिले चिडवू नको.

वाट पाहतो असं लिहीत नाही, त्यानं तुले घाई होईल. पण पोस्टमन गल्लीत दिसला की मी उठून उभा राहतो.

तुझा मामा,
उद्धव