मूर्तिजापूरच्या अलीकडचं पंक्चर

अमरावती,
ता. ५ नोव्हेंबर १९४०

ती. स्व. उत्तमकाकांस,
सिंधूचे सा. न. वि. वि.

आईची व माझी प्रकृती ठीक आहे. तुम्ही पाठवलेली संत्री पोचली. आईनं निम्मी शेजारी वाटली आणि उरलेली मोजून ठेवली.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन फाडली, कारण त्यांत मी स्वतःची बाजू फार मांडली होती. चूक माझीच आहे.

तुमच्या आणि बाबांच्या शर्यतीवर पुण्याची एक कंपनी बोलपट काढते आहे. वामनराव म्हणून त्यांचे एक कथालेखक श्रावणात आमच्याकडे आले होते. १९२६ साली दोन मोटारी अमरावतीहून अकोल्याला पैजेनं निघाल्या, हे त्यांनी कुठल्याशा जुन्या अंकात वाचलं होतं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आई फार बोलत नाही, म्हणून मीच सांगत बसले. कौंडण्यपूरच्या यात्रेत तुमची पैज कशी लागली, मूर्तिजापूरच्या अलीकडे बाबांचं चाक कसं बसलं, अकोल्यात मोर्णा नदीच्या पुलावर लोक हार घेऊन उभे असताना तुम्ही एकटेच कसे पोचलात, सारं सांगितलं. आणि त्या भरात हेही सांगितलं की, तुम्ही रस्त्यात बाभळीचे काटे टाकले असं काही लोक म्हणतात. बाबांनी ते कधीच मानलं नाही, हेही मी सांगितलं होतं.

काल त्यांनी कथेचा गोषवारा आणि सहीचा कागद पाठवला. बाबांनी ते मानलं नाही, हे त्यात कुठेच नाही. काटे मात्र पोतंभर आहेत. उत्तमराव नावाचा गृहस्थ सोन्याचा दात दाखवत हसतो आणि मोटारीच्या मागच्या बाजूनं पोतं सोडतो. बाबा त्यात सहा फूट उंच आहेत, डोळ्यांना काळा चष्मा लावतात आणि चाक धरून गाणं म्हणतात. तुम्हाला ठाऊकच आहे, बाबांना मोटार मागे घेताना बोललेलंही चालत नसे.

मी अजून सही केलेली नाही. पण खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेखणी हातात घेतली होती. बाबांचा एकच फोटो घरात आहे, तोही वकिलीच्या डगल्यातला, ताठ बसलेला. पडद्यावर कुणीतरी त्यांचं नाव घेऊन चालेल, वळून बघेल, असं वाटलं. मग पोत्याचं पान आलं.

मला रागवायचं असेल तर रागवा, पण उत्तर लवकर द्या.

तुमच्या मायेला मुकू नये एवढंच मागते.
सिंधू


अकोला,
ता. ९ नोव्हेंबर

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वच्छलानं वाचून दाखवलं. मी हसलो तर तिनं कागद घडी करून ठेवून देला अन् बोलेच ना. बापाले सिनेमात सोन्याचा दात भेटून राहिला अन् पोरगी रुसून बसली!

तू काहून एवढा जीव जाळून राहिली? लोकं चौदा वर्सं काटे काटे करतात, मी मेलो काय? मंडईत माझा माल काही कोनं घेतला नाही असं झालं नाही. सिनेमावाल्याले एक चांगला लागते अन् एक वंगाळ लागते. तुहे बाबा चिंतामणराव तर वंगाळ होऊ शकत नाहीत, मंग राहिलो मीच. सही करून टाक. तुह्या बाबाले पडद्यावर पाहू. गानं म्हनतात तं म्हनू दे, मी टाळी वाजवीन.

फक्त त्या मानसाले सांगजो, माह्या मोटारीले पोतं ठेवाले जागाच नव्हती. जिनिंगच्या सायबाची जुनी गाडी, मागं पत्रा गळून पडला होता.

आईले नमस्कार सांग. संत्री मोजून ठेवल्यानं वाढत नाहीत, खाऊन टाका म्हना.

जसा जीव लावतेस तसाच लावत जाय.
उत्तमराव


अमरावती,
ता. १४ नोव्हेंबर

प्रिय वच्छलास,
सिंधूचा नमस्कार वि. वि.

काकांच्या पत्रानं माझं समाधान झालं नाही. ते इतकं हसून लिहितात की, काहीतरी झाकत आहेत असं वाटतं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. घरातून निघाल्यावर कडी लावली की नाही हे बघायला मी गल्लीच्या तोंडावरून परत येते. तेव्हा एवढी मोठी गोष्ट मला सोडवत नाही.

मी वामनरावांना लिहिलं की, काटे टाकल्याची गोष्ट खोटी आहे, ती काढा. त्यांचं उत्तर सभ्य आहे. ते म्हणतात की, प्रेक्षक पावली खर्चून येतो, त्याला नायक का हरला याचं कारण लागतं. दोन भली माणसं शर्यत करतात आणि एकाचं चाक आपोआप बसतं, यावर तीन तास कुणी खुर्चीत बसत नाही. पण घरच्या माणसानं खरं कारण सहीनिशी लिहून दिलं आणि ते पडद्यावर दाखवण्याजोगं असलं, तर ते पोतं गाळतील. एक डिसेंबरच्या आत कळवायचं आहे.

आता खरं कारण मला कुठे ठाऊक आहे? बाबा नेहमी एवढंच म्हणत की, वऱ्हाडातल्या रस्त्याला काट्यांची काय वाण, एखादा लागला असेल. काकांचं नाव कुणी घेतलं तर मात्र उठून जात. लोक त्याला बाबांचा मोठेपणा म्हणत, आणि बाबा जितके रागावत तितका लोकांचा संशय पक्का होई.

मला त्या दिवसाचं थोडंच आठवतं. दारापुढे दोन्ही मोटारी धुऊन उभ्या होत्या. आईनं चाकाला हळद-कुंकू लावलं. बाबांनी मला उचलून भोंगा वाजवू दिला. तुझे बाबा पिवळा फेटा बांधून आले होते आणि वहिनी, एक चहा जिंकणाऱ्यालाही द्या, असं काहीसं म्हणाले होते. तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा मला घरीच शिकवत. त्या दिवशी सुट्टी मिळाली, म्हणून मी खूश होते.

तुला काही ठाऊक असेल तर लिही. मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस.

उत्तराची वाट पाहते.
तुझी सिंधू


अकोला,
ता. १९ नोव्हेंबर

प्रिय सिंधूस,
वच्छलाचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना दाखवलं नाही, आणि हे पत्रही त्यांना न सांगता टाकते आहे. पुढे जे लिहिते ते कुणाला सांगणार नाही, अशी त्यांनी मला देवापुढे शपथ घ्यायला लावली आहे. पण मंडईत गेल्या बाजारी एकानं आमच्या संत्र्याच्या टोपलीत हात घालून, उत्तमरावच्या मालात काटा तं नाही ना, असं विचारलं आणि चार जण हसले. बाबाही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत. आता हेच सिनेमात आलं, तर दर बाजाराला हेच चालेल.

त्याच रात्री मी त्यांच्यामागे लागले. अखेर ते बोलले. ऐक.

मोटारीची पूजा झाल्यावर तुमच्याकडे चाकापुढे दगडावर नारळ फोडला. करवंटीचे तुकडे उडाले. चाक हलण्याच्या आधी ते वेचून घ्यायचे असतात. मोठी माणसं निघायच्या गडबडीत होती, म्हणून ते काम तुला दिलं. तू फ्रॉकच्या ओच्यात गोळा करून तुझ्या बाबांना नेऊन दाखवलेस. एक तुकडा तुझ्या बाबांच्या मोटारीच्या चाकाखाली राहिला. तो टायरात रुतला आणि कोस दर कोस आत जात राहिला. मूर्तिजापूरच्या अलीकडे चाक बसलं.

माझे बाबा मागेच होते. ते थांबले, दोघांनी मिळून चाक काढलं आणि तुकडा हाती आला. त्यावर हळदीचा डाग होता. तुझ्या बाबांनी तो पूजेच्या नारळाचा म्हणून ओळखला आणि ते म्हणाले की, सिंधूला हे कळता कामा नये, ती पोर जन्मभर मनाला लावून घेईल. तुझे बाबा तुला बरोबर ओळखत होते, नाही का?

माझे बाबा ट्यूबचं ठिगळ वाळेपर्यंत थांबणार होते. पण तुझे बाबा म्हणाले की, दोघेही उशिरा गेलो तर लोक खोदून विचारतील, त्यापेक्षा एकानं वेळेवर पोचावं. म्हणून बाबा एकटे पुढे आले. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुला सांगून मी बरं केलं की वाईट, कळत नाही. पण तू आता सात वर्षांची नाहीस, आणि माझे बाबाही म्हातारे झालेत.

माझ्यावर रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.
तुझी वच्छला


अमरावती,
ता. ११ डिसेंबर

ती. स्व. उत्तमकाकांस,
सिंधूचे सा. न. वि. वि.

वच्छलाला रागावू नका. तिनं मला सांगितलं. पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा दारापुढच्या दगडापाशी जाऊन आले. वेडेपणाच तो. चौदा वर्षांनी तिथे काय सापडणार? पण मला ओच्यातले तुकडे आठवले. बाबांनी ते एकेक करून घेतले होते आणि शाबास म्हणाले होते. ती शाबासकी मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. ती संध्याकाळी परत घेता आली असती त्यांना. त्यांनी घेतली नाही. आणि तिच्यापायी तुम्ही मंडईत हसून घेत राहिलात.

मला वाटलं होतं, मी आजारी पडेन. तसं झालं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की, असं असेल तर उत्तमभाऊंना मी चौदा वर्षं आंबट तोंडानं चहा पाजला, आणि मग पदर तोंडाला लावून बसली.

मी वामनरावांना सारं सहीनिशी लिहून दिलं. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. गोष्ट हृदयस्पर्शी आहे, पण सात वर्षांची पोर खलनायक होऊ शकत नाही, आणि पोतं तर आधीच चित्रित झालं आहे, असं ते म्हणतात. मी सही केली तर शेवटी, नायक खलनायकाला क्षमा करतो, एवढं ते घालतील. तुम्हाला क्षमा! मी तो कागद कोराच परत पाठवला. आमची नावं, अमरावती, अकोला, यातलं काही वापरू नये असं बजावलं. काल त्यांचं कार्ड आलं, आता नायक मुंबईचा कुणी बॅरिस्टर झाला आहे. उंची तीच आहे, सहा फूट.

म्हणजे बाबा पडद्यावर येणार नाहीत. त्या रात्री मी थोडी रडले, लपवत नाही.

दुसरं एक केलं, तुम्हाला न विचारता. इथल्या साप्ताहिकाला माझ्या नावानं पत्र दिलं. करवंटी माझ्या हातून राहिली, असं स्वच्छ लिहिलं. शुक्रवारी छापून आलं. अंक सोबत आहे. मंडईत नेऊन मोठ्यानं वाचून घ्या. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलींनी मला विचारलं की, बाई, तुमच्याही हातून चूक होते का. मी हो म्हणाले आणि पुढचा धडा घेतला.

एक मागते. बाबा आता तुमच्यापाशीच आहेत, त्या रस्त्याकडेच्या तासाभराचे. तुम्ही दोघं काय बोललात, कसे बसलात, सगळं लिहा. लहानसहान गाळू नका.

तुमची लेक समजून आशीर्वाद द्यावा.
सिंधू


अकोला,
ता. १६ डिसेंबर

चि. सिंधूस अनेक आशीर्वाद.

अंक मंडईत वाचला. वाचनारा अडखळत होता, तं ज्यानं टोपलीत हात घातला होता त्यानंच हिसकून पुढचं वाचलं. मंग मले पान खाऊ घातलं. तू हे करायले नको होतं. पन केलं तं बरं वाटून राहिलं, खोटं काहून बोलू.

तू विचारलं ते लिहितो. लिंबाचं झाड होतं. चिंतामणराव धोतर वर खोसून बसले, हात सारे काळे. मी म्हनलो, वकीलसाहेब, असे कोर्टात जा, जज्ज घाबरून तुमच्याकडून निकाल देईन. ते हसले, असे हसले का डोळ्यात पानी आलं. मंग तुह्या अभ्यासाचं बोलले. म्हनत, पोरगी हिशेब पक्का करते पन उत्तर लिहाले भिते. मी म्हनलो, मोठी झाली का लिहीन.

मी निघालो. पैज तर लागलीच होती, हार झाली असती तं त्यायले नवा फेटा द्या लागत होता मले. मी मोटार सुरू केली तं ते रस्त्यावर मधात आले, हात वर करून. मले वाटलं काही राहिलं. तर खिडकीपाशी येऊन सांगतात का, उत्तमराव, हळू जा, पुढं ओढ्यापाशी म्हशी बसतात.

शर्यतीत समोरच्याले हळू जा सांगनारा मानूस मी दुसरा पाह्यला नाही.

हे त्या वामनरावाले लिहू नको. त्याले पटनार नाही.

उत्तमराव