मावशीला भेटायचं नाही

४ जून

ती. ताईस, धाकटीचा सा. न.

अगं, काय सांगू तुला! काल तुझ्या स्वमग्न मुलांच्या केंद्रातल्या रबरी गादीवर आमच्या गोटीनं तुझा चष्मा ओढला, पळाली, आणि तू मागे येतेस की नाही ते वळून बघितलं. चार वर्षांत माझ्या लेकीनं माझ्याकडे असं कधी बघितलेलं नाही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण सहा महिने तू तिच्याबरोबर रांगलीस, तिच्या कलानं घेतलंस, त्याचंच हे फळ. घरी आल्यापासून बाईसाहेब दाराशी बसून आहेत. मावशी येईल असं वाटतंय तिला. रविवारी ये ना गं.

लोभ आहेच, आता गोटीचाही त्यात धर.

तुझी धाकटी

१० जून

चि. धाकटीस, अ. आ.

रडूबाई, पत्र वाचून मीही रडले. पण रविवारी यायचं जमणार नाही. तुला आधीच सांगितलं होतं, आम्ही दोन पद्धती ताडून बघतोय. एकीत मुलाशी खेळून आधी जीव लावायचा, बाकीचं मग. दुसरीत चेहऱ्यांची चित्रं दाखवून आनंद, दुःख, राग ओळखायला शिकवायचं; बरोबर आलं की टाळी. प्रत्येक मुलाला आधी एक, मग दुसरी. आता गोटी चित्रांच्या वर्गात, दुसऱ्या बाईंकडे जाईल. तो वर्ग संपेपर्यंत मी तिला घरीही भेटायचं नाही, नाहीतर गुण कशानं आला ते कळणार कसं? मुलं विसरतात गं. उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

तुझा अहवाल मिळाला. दोन्ही पद्धती सारख्याच उपयोगी, असं लिहिलंयस. छान. गोटी महिनाभर दारातून हलत नव्हती, जेवायला उठवलं की डोकं आपटून घ्यायची, ते त्यात कुठे दिसलं नाही. मी तुला पत्रावर पत्रं धाडली, तू धीर धर म्हणालीस. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वर्गात ती अगदी शहाण्यासारखी वागते. वागणारच. तिनं कोणाकडे बघायचंच सोडलंय, माझ्याकडेसुद्धा. मला तुझा फार राग येतो, ताई.

आता तुलना संपली, तर रविवारी येते म्हणतेस. काल मी तुझा फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तुझ्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं, वर्गातून घरी दिलेल्या चित्रांच्या गठ्ठ्यातून आनंदाचं चित्र बरोबर काढून दिलं आणि टाळीची वाट बघत बसली. मी वाजवली.

येऊ नकोस. लोभ असावा, असं लिहायला हात धजत नाही.

धाकटी